उलटी भरलेली बॅटरी

माझ्या सासऱ्यांना आमच्या इमारतीत सगळे ‘प्लसमायनस’ म्हणतात. तोंडावर नाही हं, पाठीमागे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माणूस गणिताचा मास्तर असणार. मास्तर कुठले! टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. आता चौऱ्याहत्तरी गाठली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, दुसऱ्याचा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत म्हणत राहिला, तरी घरात कोणी टॉर्चमध्ये सेल घालायला घेतले की हे खुर्चीतून उठून आलेच. “प्लस कुठल्या बाजूला केलंस?” आपण बरोबर घातलेले सेल काढणार, डोळ्याजवळ नेऊन बघणार आणि पुन्हा तसेच घालणार. माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

मी घरीच शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आणि त्याच्या पलीकडे बाबांची खुर्ची. म्हणजे दिवसभर आम्ही समोरासमोर. इतरांच्या घरी सासू-सुनेची भांडणं होतात, आमच्याकडे सासरे-सुनेची व्हायची, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून पंचाचं काम करायच्या. “पुरे आता! दोघंही बाद!” आवाज असा खणखणीत की खालच्या गॅरेजवाल्यालाही निकाल कळायचा.

लग्नानंतरची पहिली सहा वर्षं बाबा नोकरीत होते. दर दोन दिवसांनी शर्टाला नवीन भोक. अ‍ॅसिडचा बारीक थेंब उडाला की कापड धुताना तिथून विरून जातं. रफू तरी कुठे करणार, टाका धरायला कापडच उरत नाही. एकदा चिडून मी विचारलं, “तिथे करता तरी काय एवढं?” तर मला दाखवायलाच घेऊन गेले. तळमजल्यावरची लांब खोली, दोन्ही भिंतींना ओळीने मांडलेल्या चोवीस टाक्या, प्रत्येकीत शिशाच्या पट्ट्या आणि अ‍ॅसिड, आणि वरून गेलेले दोन जाड तांब्याचे दांडे. गावातला प्रत्येक फोन त्या दोन दांड्यांवर बोलायचा.

“हा प्लसचा दांडा,” बाबा म्हणाले आणि त्याला चक्क हात लावला. “जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलाय. गाड्यांमध्ये बघशील तर मायनस बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला असतं. आमच्याकडे प्लस.”

“ते का?” मी विचारलं. विचारायला नको होतं. अर्धा तास गेला.

पण कळलं मला, शपथ. वीज बॅटरीच्या प्लसमधून निघते आणि फिरून मायनसला येते, असं धरायचं. तांब्याची तार प्लसची असेल आणि तिला ओल लागली, तर तिथून वीज ओलीत उतरते आणि जाताना तांबं सोबत नेते. तार झिजून झिजून तुटते. म्हणून टेलिफोनच्या सगळ्या तारा मायनसवर ठेवायच्या आणि प्लस जमिनीला द्यायचं. झिजायचंच असेल तर ती पुरलेली पट्टी झिजेल, ती बदलता येते.

“धरायचं म्हणजे? जाते की नाही?”

“आतले कण खरं तर मायनसकडून प्लसकडे जातात. लोकांनी बाण आधी काढला आणि कण नंतर सापडले.”

“मग बदलायचा ना बाण!”

“कशाला? सगळ्यांनी मिळून एकच धरलं की काम चालतं. भानगड होते ती एकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर.”

मग त्यांनी टेबलाच्या खणातून काय काढावं? अर्धा कापलेला बटाटा. बॅटरीला लावलेल्या दोन उघड्या तारा त्याच्या कापलेल्या बाजूत बोटभर अंतरावर खुपसल्या. मिनिटभरात एका तारेभोवती बुडबुडे आले, दुसरीभोवती हिरवा डाग पसरला. हिरवं ते प्लस. तारेचं तांबं बटाट्यात उतरतं, त्याचा तो रंग. “मीटर बिघडतो, तारांचे रंग उडतात, माणसं चुकीचे रंग लावतात. बटाट्याला कोणी काही शिकवलेलं नाही,” बाबा म्हणाले. निवृत्त झाले तरी घरातला प्रत्येक बटाटा त्यांना मीटरच वाटायचा. चिरायला घेतलेल्यांत एखादा हिरव्या डागाचा निघाला की आई सरळ त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवायच्या.

तर अशी आमची वरात चालली होती. मग आईंची फुप्फुसं बिघडली.

अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. माझा नवरा नोकरीसाठी पाच तासांच्या अंतरावर राहतो, तो येऊन-जाऊन. बाकी मी आणि बाबा. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, परवा घरी न्या, पण ऑक्सिजनचं यंत्र घरी लागेल. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकाला देणारं यंत्र, शिलाई मशीनच्या पेटीएवढं, विजेवर चालणारं. ते थांबता कामा नये. बोटाला लावायचा चिमटा दिला, त्यावर आकडा दिसतो. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर काळजी, ऐंशीच्या खाली गेला तर धोका. नळी काढली की आईंचा आकडा दहा मिनिटांत ऐंशीवर यायचा, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

वीज गेली तर? आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी दीड वर्षं गॅलरीत तशीच पडून होती. पार मेलेली. बाबांनी तिच्यात पाणी घातलं, खालच्या गॅरेजवाल्याचा चार्जर वर आणला आणि बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लावली. इन्व्हर्टरला जोडायच्या आधी एकदा तपासू म्हणाले. पण घरी आणायच्या दिवशी आईंना खुर्चीत बसवून तीन जिने वर आणता आणता आम्हा सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. नवरा रात्रीच्या गाडीने परत गेला. तपासणं राहिलं.

पुढच्या सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी वीज गेली.

यंत्राने किंकाळी फोडली. त्याला भोंगा असतो, हवा थांबली की वाजतो. मी पळत आत गेले, कोपऱ्यातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर उघडला, नळी त्याला लावली. काटा जवळजवळ तळाशी. हॉस्पिटलमधून येताना तोच वापरला होता आणि नवीन सिलिंडर आज दुपारी यायचा होता. मी सिलिंडरवाल्याला फोन केला.

“दोनच्या आधी नाही जमणार, ताई. किती उरलाय?”

मी काट्याचा आकडा सांगितला.

“सव्वा तास चालेल,” तो म्हणाला.

वीज कंपनीला फोन. ट्रान्सफॉर्मर बदलतायत, संध्याकाळी पाचला येईल, फाटकावर कागद चिकटवला होता. चिकटवला असेल! फाटक बघायला वेळ कोणाला होता? रुग्णवाहिकेला फोन. सगळ्या गाड्या बाहेर, दोन तास तरी लागतील, नाव लिहून घेतलंय. मी घड्याळ बघितलं. सव्वाअकराला सिलिंडर संपणार आणि गाडी आली तर सव्वाबाराला येणार.

“इन्व्हर्टर!” मी ओरडले. “बाबा, बॅटरी भरलीय ना?”

“भरलीय. पण थांब, आधी बटाटा आण.”

“काय?”

“बघून घेऊ. दोन मिनिटं लागतात.”

“आईंचा श्वास अडकलाय आणि तुम्हाला बटाटा सुचतोय?” माझा तोल गेला. “लाल तार प्लसला, काळी मायनसला, बॅटरीवर हे एवढं मोठं छापलंय! आंधळ्यालाही कळेल!”

आंधळा हा शब्द मी मोतीबिंदूच्या माणसासमोर वापरला, हे नंतर लक्षात आलं. तेव्हा मी गॅलरीत होते. बॅटरी ढकलत बाहेरच्या खोलीत इन्व्हर्टरपाशी आणली, काळी तार मायनसवर घट्ट केली, लाल तार प्लसला टेकवली. फट्! डोळ्यांसमोर निळा जाळ झाला आणि जळल्याचा वास सुटला. हातातून पाना उडून शिलाई मशीनखाली गेला. इन्व्हर्टर गप्प. तारेवरचा फ्यूज काळा पडला होता.

मी बाबांकडे वळले. आता बोलणी खाणार होते ते माझी. पण त्यांचा चेहरा बघून थांबले. पांढराफटक. ते स्वयंपाकघरात गेले, बटाटा कापून आणला आणि दोन तारांची टोकं दातांनी सोलली. तारांची दोन टोकं त्यांनी बॅटरीला लावली, दुसरी दोन मी बटाट्यात खुपसली.

“हिरवं कुठल्या बाजूला येतंय?” त्यांनी विचारलं. “मला नीट दिसत नाही. तू सांग.”

मी वाकले. आधी काहीच नाही. मग एका तारेभोवती फेस, दुसरीभोवती हिरवट कडं.

“मायनसच्या बाजूला.”

“नीट बघ.”

“बाबा, मायनसच्या! जिथे मायनस छापलंय त्या तारेला हिरवं आलंय, आणि प्लसच्या तारेला फेस.”

“उलटी भरली गेली,” ते म्हणाले. “बॅटरी पार मेलेली असली आणि चार्जरचे चिमटे उलटे लागले, तर ती उलटीच भरते. प्लसचं मायनस होतं. वरचे छाप तसेच राहतात.”

“असं कसं होईल? ती काही बोलत नाही? ठिणगी वगैरे?”

“जिवंत असती तर बोलली असती. मेलेली जशी लावाल तशी भरते.”

माझा सगळा राग आता त्या गॅरेजवाल्याकडे वळला. चार्जर त्याचा! म्हणजे त्याच्याच यंत्रात घोळ! मी गॅलरीत धावले, खाली शटर बंद होतं, तरी मी कठड्यावरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला तोंड उघडलं. बाबांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. उभ्या आयुष्यात त्यांनी माझा हात धरला नव्हता.

“त्याला नको बोलू. चिमटे मी लावले.”

“तुम्ही?” मी विचारलं.

“चिमट्यांचे रंग उडालेत. दोन्ही काळेकुट्ट. पण एक तार चार्जरच्या पेटीला स्क्रूने कसलेली होती. बॉडीला. बॉडीला म्हणजे प्लस, म्हणून मी ती प्लसवर लावली.”

“गाडीच्या चार्जरला?” मला तरी एवढं ठाऊक होतं, त्यांनीच शिकवलं होतं. “गाड्यांमध्ये बॉडीला मायनस असतं ना?”

“असतं. एकतीस वर्षं प्लस बघितलं गं. हात आपला गेला.”

“आणि बटाटा? आम्हाला बटाटा-बटाटा करून सळो की पळो करून सोडलंत, तेव्हा कुठे गेला तुमचा बटाटा?”

“हॉस्पिटलात चारला भेटायची वेळ असते. तीनची बस चुकली असती.” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “ती वाट बघत असते.”

मी बोलले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी माती खाल्लीत, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आतून आईंचा आवाज आला, पूर्वीच्या आवाजाचा नुसता धागा उरलेला. “काय... झालं... गं?”

“काही नाही आई, फ्यूज उडालाय,” मी म्हटलं आणि आत जाऊन बोटाचा चिमटा बघितला. एक्क्याण्णव. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. दहा पस्तीस.

मी बाहेर आले तेव्हा बाबा जमिनीवर बसून पत्र्याच्या डब्यात काहीतरी शोधत होते. एक फ्यूज काढला. एकच होता.

“हा बसवतो. आतलं जळलं नसेल तर चालू होईल. तू तारा लाव. लाल मायनसवर, काळी प्लसवर.”

“काय म्हणालात?”

“ती उलटी भरलीय, तर उलटीच लावायची. आतून वीज बरोबर बाजूने जाईल. छापाकडे बघू नको.”

लाल मायनसवर! आत्ता या माणसाने सांगितलं की माझी चूक झाली, आणि आता तोच म्हणतोय की छापलेलं खोटं आणि मी खरा. फ्यूज एकच. तो उडाला तर इन्व्हर्टर संपला, आणि सव्वाअकरा ते सव्वाबारा आईंच्या नाकाला काय लावणार होते मी? मला त्या क्षणी बाबांची भीती वाटली. खरंच सांगते. मी नवऱ्याला फोन लावला.

सगळं ऐकून तो किंचाळलाच. “बाबांना हात लावू देऊ नकोस! त्यांना दिसत नाही, आठवत नाही. लालला लाल, काळ्याला काळं, एवढं साधं असतं!”

“तसंच लावलं होतं. फ्यूज उडाला.”

“मग थांब. काही करू नकोस. गाडी येईलच. मी निघतो.”

निघतो म्हणे. पाच तासांवरून. मी फोन ठेवला. बाबांनी सगळं ऐकलं होतं, तो फोनवर बोलतो तेव्हा समोरच्या इमारतीला ऐकू जातं. बाबा म्हणाले, “त्याचं बरोबर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.”

“मग कोणावर ठेवू?” मी जवळजवळ रडत होते.

“बटाट्यावर.”

“आणि बटाटा चुकत असेल तर? हिरवं म्हणजे प्लस, हेसुद्धा तुम्हीच सांगितलंय ना? आज तुमचं सगळंच उलटं चाललंय!”

हे बोलून झालं आणि माझं मलाच सुचलं. नवीन कापडाला हात घालायच्या आधी मी त्याच्याच चिंधीवर एक शिवण घालून बघते. धागा बसतोय का, कापड ओढलं जातंय का. चिंधी बिघडली तर बिघडली. मी खणातून टॉर्च काढला, त्यातले दोन सेल काढले. त्यांचं प्लस सगळ्या जगाला ठाऊक असतं, वर बोंड असतं तिकडचं. नवे सेल, कोणी उलटे भरलेले नाहीत. दोन्ही एकापुढे एक ठेवून चिकटपट्टीने बांधले, टोकांना तारा धरल्या आणि बटाट्याची दुसरी फोड घेतली.

“शाबास,” बाबा पुटपुटले. “वेळ लागेल, सेल लहान आहेत. दाबून धर.”

काय सांगू त्या मिनिटांबद्दल. मी जमिनीवर उकिडवी बसून बोटांनी सेल दाबतेय, बाबा घड्याळ डोळ्याशी धरून मिनिटं मोजतायत, आणि आतून आईंचा श्वास ऐकू येतोय, घरघर, थांबतो, पुन्हा घरघर. दोन मिनिटं झाली. फोडीवर काही नाही. तीन. माझी बोटं बधिर झाली. एका तारेपाशी बारीक बुडबुडे दिसले, पण हिरवं कुठेच नाही.

“येत नाहीये, बाबा.”

“येईल.”

“किती वाजले?”

“दहा पन्नास. हलू नकोस.”

पाचव्या मिनिटाला आलं. अगदी फिकट, मोहरीएवढं. बोंडाकडच्या तारेला. मी फोड खिडकीशी नेली, उजेडात पुन्हा बघितलं. हिरवं ते प्लस. म्हणजे बटाटा खरा होता, बॅटरीवरचे छाप खोटे, आणि बाबा खरे.

मी मशीनखालून पाना ओढला. बाबांनी फ्यूज बसवला, तीन वेळा चाचपून. काळी तार मी प्लस छापलेल्या खुंटावर लावून आवळली. लाल तार हातात घेतली आणि माझा हात पुढे जाईना. सगळं कळलेलं असताना जाईना. डोळ्यांसमोर मघाचा जाळ. बाबा माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी माझ्या मनगटाखाली तळहात धरला. ढकललं नाही, नुसता धरला.

मी तार टेकवली. बारीकशी चट् झाली, एवढीच. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला आणि आतून गुणगुण सुरू झाली. मी दारातून यंत्राची वायर ओढून पिन त्याच्यात खुपसली, यंत्राने एक हुंदका दिला आणि ते चालू झालं. आत पळत जाऊन नळी बदलली. आईंचा आकडा एकोणनव्वद होता. नव्वद झाला. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. मी पलंगाच्या कडेला डोकं टेकून ढसाढसा रडले, आणि आई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, “वेडी... कुठली.”

उलटी भरलेली बॅटरी फार दम धरत नाही, बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सिलिंडर बंद करून जो काही उरला होता तो राखून ठेवला. बॅटरी एकाला दहा कमी असताना मेली. पण तोवर रुग्णवाहिका आली होती, उशिरा का होईना. त्यांच्या माणसाने आईंना त्यांचा सिलिंडर लावला, आकडा बघितला, म्हणाला, जिन्यावरून हलवण्यापेक्षा इथेच बऱ्या आहेत, आणि आमचा सिलिंडरवाला येईपर्यंत तो बिचारा आमच्या दारात बसून राहिला. पाचला वीज आली. त्या वेळात बाबा आईंच्या खोलीत गेले नाहीत. गॅलरीत बसून होते. जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक नाही.

सहाच्या सुमारास नवरा आला. येताना इथल्याच दुकानातून नवी बॅटरी घेतलेली, दुकानाच्या माणसाने ती वर आणली, इन्व्हर्टर आईंच्या खोलीत हलवून ती त्याच्याजवळ ठेवली आणि तो गेला. नवऱ्याने आईंचे पाय चेपले, मला ‘दमलीस ना’ म्हणाला, आणि मग बाबांना हाक मारली. बाबा दाराशी येऊन उभे राहिले, आत नाही आले.

“यापुढे विजेच्या कशालाही हात लावायचा नाही,” नवरा म्हणाला. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. “आज आई गेली असती.”

“हो,” बाबा म्हणाले.

“मी सांगतोय ते कळतंय ना?”

“कळतंय. बरोबर आहे तुझं.”

मी त्यांच्याशी वीस वर्षं भांडले. एकदाही ‘बरोबर आहे तुझं’ म्हणाले नाहीत. आज मुलाचं बरोबर आहे असं दोनदा म्हणाले, आणि ते मला ऐकवेना.

“एक मिनिट,” मी नवऱ्याला म्हटलं. “सगळं ऐकून घे. चिमटे उलटे लागले ते खरं. पण ते गप्प बसले असते ना, तर मी गॅरेजवाल्याला शिव्या घालत बसले असते. कुठला चिमटा कुठे लागला होता ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याने ते माझ्या तोंडावर सांगितलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले, तरी सांगितलं. तू काय सांगितलंस फोनवर? लालला लाल! तुझं ऐकलं असतं तर तो फ्यूजही उडाला असता.”

नवऱ्याने नव्या बॅटरीचं खोकं फाडलं, पाना घेतला, तार हातात घेतली आणि बॅटरीकडे बघत नुसता उभा राहिला. सकाळपासून एवढं ऐकल्यावर त्याचाही छापावरचा विश्वास उडाला असावा.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही जोडा. मी बटाटा धरते.”

“नको गं.” त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. “मलाच आता माझ्या हातांची भीती वाटते.”

यंत्राचा आवाज तेवढा चालू होता. आईंनी नाकाची नळी सरळ केली, एक श्वास घेतला, मग आणखी एक, पुरेशी हवा साठेपर्यंत थांबल्या.

“मला नाही वाटत,” त्या म्हणाल्या.

बाबा आत आले.